‘माझे कान तयार झालेत’ म्हणणाऱ्या पोराला काय सांगावं?

प्रश्न : ताई, आम्ही नागपूरला महालात राहतो. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. दिवसा बुटीबोरीला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रांवर, कामाला जातो आणि सीझनमध्ये धुमाल पार्टीत, म्हणजे गाडीवर स्पीकर लावून वाजवणाऱ्या बँडमध्ये, ताशा वाजवतो. लग्न असो, गणपती असो, मारबतीची मिरवणूक असो, हा गाडीवर स्पीकरच्या पुढ्यातच उभा असतो. घरी आला की कान वाजतात म्हणतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. पण आजकाल टीव्ही मोठा करून ठेवतो आणि वर मलाच म्हणतो, “आई, काऊन पुटपुटून राहिली?” मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘समुद्रातला गोंगाट आणि डॉल्फिन’ असा तक्ता करते आहे. तिनं धुमालचा आवाज फोनवर मोजला, १०६ डेसिबल आला. तर हा म्हणतो, “तुझ्याच तक्त्यात जहाजाचा आवाज १९० लिहिला आहे, तरी डॉल्फिन मजेत पोहून राहिले. मग १०६ नं माझं काय होते? माझे कान तयार झालेत.” मुलगी गप्प झाली, मीही. धुमाल सोड म्हटलं तर घरात भांडण होतं, आणि त्याचे पैसेही घराला लागतात. काय करू? देवमासे खरंच बहिरे होतात का, तेही मुलीला सांगा.
— एक आई, महाल

उत्तर : ताई, पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ‘पुटपुटून राहिली’ या तक्रारीची. तुम्ही पुटपुटत नाही. गोंगाटानं कान जायला लागतो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यातले. बोलण्यातले स, श, थ, फ असे आवाज या वरच्या पट्ट्यावर विसंबून असतात. अ, आ, ओ असे स्वर मात्र खालच्या पट्ट्यात असतात, ते शाबूत राहतात. म्हणून तुम्ही ‘सात वाजले’ म्हणता, त्याला ‘आत वाजले’सारखं काहीतरी पोचतं. आवाज येतो, शब्द येत नाही. अशा माणसाला आपला कान बिघडलाय असं वाटतच नाही, समोरचा नीट बोलत नाही असं वाटतं. टीव्ही मोठा करूनही त्याचं भागत नसणार, कारण आवाज वाढवला तरी गेलेला पट्टा भरून निघत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तपासणी. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा ओपीडीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, होते, खासगी ठिकाणीही होते. दोन गोष्टी सांभाळा. तपासणीआधी किमान १६ तास त्यानं धुमाल, प्रेस शॉप आणि इअरफोन या तिन्हींपासून लांब राहायला हवं, नाहीतर आदल्या दिवशीचा थकलेला कानच मोजला जाईल. आणि तंत्रज्ञाला सांगा की ३,००० आणि ६,००० हर्ट्झवरही मोजा. घाईच्या तपासणीत २,००० वरून थेट ४,००० आणि तिथून ८,००० वर जातात. गोंगाटाची खूण आलेखात बहुतेकदा ४,००० च्या आसपास खड्ड्यासारखी दिसते, आणि खड्डा ६,००० वर असला तर तो सुटून जातो.

आता त्याच्या १९० च्या मुद्द्याकडे येते. तो चुकलाय, पण प्रश्न चांगला आहे आणि नुसतं ‘गप्प बस’ म्हणून त्याला उडवून लावू नका. मुलीच्या तक्त्यातला आकडा खरा आहे. मोठं मालवाहू जहाज १८० ते १९० डेसिबलच्या घरात आवाज करतं. पण पाण्यातला डेसिबल आणि हवेतला डेसिबल वेगवेगळ्या शून्यापासून मोजतात. हवेत ते शून्य २० मायक्रोपास्कल दाबाला धरतात, पाण्यात १ मायक्रोपास्कलला. एवढ्यानंच २६ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट असल्यानं तेवढीच ध्वनिऊर्जा पाण्यात जास्त दाब दाखवते, त्याचे आणखी सुमारे ३६. दोन्ही मिळून ६२ च्या आसपास. मे महिन्यात नागपूर ४६ वर जातं आणि थर्मामीटर लावला तर धडधाकट माणूस ९८ दाखवतो, म्हणून माणूस शहराच्या दुप्पट तापलाय असं कुणी म्हणत नाही, कारण एक सेल्सिअस आहे आणि दुसरं फॅरनहाइट.

म्हणजे १९० मधून ६२ वजा करा, १२८ उरले. तेही जहाजापासून एक मीटरवरचे, कारण हे आकडे नेहमी एक मीटरला आणून लिहितात. जहाजाच्या पंख्याला खेटून कुठला डॉल्फिन पोहत नाही. १०० मीटर लांब गेलं की खुल्या पाण्यात साधारण ४० डेसिबल कमी होतात. म्हणजे १०० मीटरवरच्या डॉल्फिनला हवेच्या हिशेबात ८८ च्या आसपास आवाज पडतो. हे गणित ढोबळ आहे, डॉल्फिनचा कान माणसाचा नाही, पण तुलना करायचीच तर अशी करावी लागते. तुमचा मुलगा स्पीकरपासून किती लांब उभा असतो? आणि फोनवरचे १०६ सुद्धा कमीच धरा. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार मोठ्या आवाजात तो मार खातो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा खाली दाखवतो.

‘मजेत पोहून राहिले’ हेही तपासून बघू. कान माणसाचा असो, डॉल्फिनचा असो की सीलचा, आतली रचना एकाच घराण्यातली. शंखाच्या आकाराच्या नळीत केसपेशींच्या रांगा असतात. माणसाच्या एका कानात त्या १५,००० च्या आसपास. आवाजानं त्या हलतात आणि मज्जातंतूला संदेश देतात. फार मोठ्या आवाजानं आधी थकतात, मग मरतात. पक्ष्यांमध्ये आणि माशांमध्ये मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या येतात. सस्तन प्राण्यांमध्ये येत नाहीत. देवमासा दिसतो माशासारखा, पण या बाबतीत तो आपल्या पंगतीतला आहे.

अमेरिकेत सॅन दिएगोला डॉल्फिन आणि बेलुगा (पांढरा देवमासा) यांच्यावर याची पद्धतशीर मोजणी झाली. प्राण्याला शिकवतात की बारीक सूर ऐकू आला की ठरलेली खूण करायची. आपल्या ऑडिओमेट्रीत बटण दाबायला सांगतात तसंच. मग मोठा आवाज ऐकवतात आणि पुन्हा तपासतात. आवाजानंतर तोच सूर ऐकू यायला आधीपेक्षा मोठा करावा लागतो, आणि काही वेळानं कान पूर्ववत होतो. याला तात्पुरता बधिरपणा म्हणू. तुमच्या मुलाला मिरवणुकीनंतर होतं ते हेच. संशोधक मुद्दाम इथेच थांबतात, कायमचं नुकसान कुणी जाणूनबुजून करत नाही.

पण एकदा ते झालं. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे एका हार्बर सीलला ४.१ किलोहर्ट्झचा सूर ६० सेकंद ऐकवला. आधीच्या सत्रांवरून जेवढा परिणाम अपेक्षित होता त्यापेक्षा एकदम कितीतरी मोठा फटका बसला. ज्या सुराचा मारा झाला होता तिथलं ऐकणं काही दिवसांत परत आलं. पण त्याच्या अर्ध्या सप्तकानं वर, ५.८ किलोहर्ट्झला, किमान ८ डेसिबलचं नुकसान राहिलं आणि दहा वर्षांहून जास्त काळानंतरही ते तसंच होतं. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मला ही गोष्ट तुमच्या मुलाला नीट सांगावीशी वाटते. मारा फक्त एका मिनिटाचा होता. त्याआधीची कितीतरी सत्रं पार पडली होती आणि दर वेळी कान परत आला होता. कुठल्या वेळी येणार नाही हे त्या सीललाही कळलं नाही आणि मोजणाऱ्यांनाही. माणसाच्या कानातही नुकसान असंच माऱ्याच्या थोडं वर उमटतं, त्या ४,००० च्या खड्ड्यामागचं एक कारण हे आहे.

‘दुसऱ्या दिवशी बरं वाटतं’ यावर तरी विसंबावं का? २००९ मध्ये बोस्टनच्या दोन संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की गोंगाटानंतर बारीक सूर ऐकण्याची क्षमता दोन आठवड्यांत पूर्ण परत आली, ऑडिओमेट्रीच्या भाषेत कान ‘नॉर्मल’ झाला, पण कानाच्या वरच्या पट्ट्यात केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जवळपास निम्मे जोड कायमचे तुटले होते. शांत खोलीत अशा कानाला सगळं ऐकू येऊ शकतं. त्रास होतो तो चार जणांच्या गलक्यात शब्द वेगळा काढताना. म्हणून तपासणीचा कागद स्वच्छ आला तरी धुमालच्या रात्री कान मोकळा ठेवायला परवानगी मिळाली असं त्यानं समजू नये.

‘कान तयार झालेत’ या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे, पण ते देवमाशांच्या बाबतीत. हवाईला एका फॉल्स किलर व्हेलवर, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातल्या प्राण्यावर, प्रयोग झाला. मोठा आवाज करण्याआधी दर वेळी एक इशाऱ्याचा सूर दिला. काही काळानं ती मादी इशारा ऐकताच स्वतःच्या कानाची संवेदना कमी करू लागली. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. पाण्यात स्वतःच कानठळ्या बसवणाऱ्या टिचक्या मारून वाट शोधणारा प्राणी तो, त्याला ही सोय लागणारच. आपल्या कानातही एक इवलासा स्नायू आहे, मोठ्या आवाजाला तो आखडतो. पण त्याला आखडायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागू शकतो, मुख्यतः तो खालच्या स्वरांना अडवतो आणि सतत गोंगाट असला की थकतो. ताशावर काडी पडते आणि तो टणत्कार कानात जाऊन पोचतो, तोवर स्नायू जागाही झालेला नसतो. मुलाला आवाज कमी टोचतो आहे ते या स्नायूमुळे नाही. टोचणारा पट्टाच बोथट होत चाललाय, असं मला त्याच्या लक्षणांवरून वाटतं. खात्री ऑडिओमेट्री करेल.

धुमाल सोडायला मी सांगणार नाही. ताशा त्याच्या हातात आहे, त्यातून घरात पैसा येतो, आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांना मिरवणुकीत जे मिळतं ते दुसरं काही देऊ शकत नाही. मारबत निघते तेव्हा इतवारी-बुधवारीच्या गल्लीत उभं राहिलं की अंगावर काटा येतो, मलाही येतो. पण ती परंपरा एकोणिसाव्या शतकातली आहे. त्या मिरवणुकीला ट्रकवरच्या स्पीकरची भिंत मागाहून लागली. भिंतीशिवाय किंवा अर्ध्या भिंतीत मारबत अडणार नाही.

मुलाला हिशेब सांगा, भाषण नको. जगभर मानला जाणारा सावध मापदंड म्हणजे ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास. आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, १०० ला पाव तास. १०६ ला चार मिनिटांपेक्षा कमी. आपल्या कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला ८ तास अशी मर्यादा आहे, पण कान वाचवायचा तर मी ८५ च धरते. मिरवणूक चार तास चालते. आता कानात नीट बसवलेला प्लग १८ डेसिबल अडवतो असं धरा. १०६ चे ८८ झाले. ८८ ला ४ तास. म्हणजे चार मिनिटांचे चार तास झाले, ताशा तोच आणि गाडीही तीच.

यात एक अट आहे, त्या दिवशी कान दुसरीकडे खर्च झालेला नसावा. कान प्रेस शॉप आणि धुमाल यांचा हिशेब वेगळा ठेवत नाही, चोवीस तासांचं एकच खातं. कंपनीत त्याला प्लग मिळत असणार, आणि बहुतेक ते खिशात किंवा गळ्यात लोंबत असणार. ते आठही तास कानात असले तरच संध्याकाळसाठी काही शिल्लक राहील. घरी येताना बाइकवर इअरफोन लावत असेल तर ते आधी बंद.

प्लग कुठला? कापसाचा बोळा नको. धुमालमधली पोरं तोच कोंबतात, तो जेमतेम काही डेसिबल अडवतो आणि आपण सुरक्षित आहोत असा खोटा धीर देतो. फोमचे प्लग मेडिकल स्टोअरमध्ये आणि कारखान्यांना हेल्मेट-हातमोजे पुरवणाऱ्या दुकानांत स्वस्तात मिळतात. घालायची रीत महत्त्वाची आहे. प्लग बोटांत वळून बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा, तो फुगून बसेपर्यंत. बाहेर अर्धा लोंबणारा प्लग पाकिटावरच्या आकड्याच्या निम्मंही काम करत नाही. फोममुळे ताशाचा सूर मेल्यासारखा वाटतो ही वादकांची तक्रार खरी आहे. त्यासाठी वादकांचे वेगळे प्लग मिळतात, सगळे स्वर सारखेच खाली आणणारे. थोडे महाग पडतात, पण ऑनलाइन मिळतात आणि पुष्कळ दिवस टिकतात. मी त्याच्या जागी असते तर एका लग्नाच्या पैशातून तेच घेतले असते.

पार्टीच्या मालकाशीही त्यानं बोलावं. स्पीकरची तोंडं वाजवणाऱ्यांच्या डोक्यावरून पुढे काढली किंवा वाजवणारे स्पीकरच्या मागे उभे राहिले तर वरच्या पट्ट्याचा मारा बराच कमी होतो. पुढ्यात कोण उभं राहणार याची पाळी लावावी. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल उतरतात. महालातल्या, इतवारीतल्या अरुंद गल्लीत तेवढे उतरत नाहीत, भिंतींवरून आवाज परत येतो. म्हणून गल्लीत शिरताना व्हॉल्यूम खाली घेणं सगळ्यात मोलाचं, वाजवणाऱ्यांसाठी आणि खिडकीत बाळ घेऊन उभ्या असलेल्या बायांसाठीही. रात्री १० नंतर स्पीकर बंद करायचा कायदा आहेच, काही ठरावीक सणांना सरकार १२ पर्यंत मुभा देतं.

आता मुलीसाठी. बेटा, तुझा तक्ता चांगला आहे, फक्त प्रत्येक डेसिबलपुढे ‘पाण्यात’ की ‘हवेत’ ते लिही. देवमासे बहिरे होतात का? होऊ शकतात. किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनच्या डोक्यावर रबरी वाट्यांमधून इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूची प्रतिक्रिया मोजतात. आपल्याकडे तान्ह्या बाळांची बेरा तपासणी करतात, त्याचीच ही बहीण. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशा तपासणीत किनाऱ्याला लागलेल्या बॉटलनोझ डॉल्फिनपैकी निम्म्याहून जास्त जणांना ऐकू येण्यात मोठी कमतरता सापडली. त्याला वय, जन्मजात दोष, औषधं आणि गोंगाट अशी बरीच कारणं असू शकतात, म्हणून सगळा दोष जहाजांवर टाकू नकोस.

समुद्रात बहिरेपणाइतकाच मोठा प्रश्न झाकोळण्याचा आहे. कान धड असतो, पण जहाजांच्या घरघरीत पिलाची हाक बुडते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीनं जास्त, आणि खालचे स्वर फार लांब पोचतात. किलर व्हेल या गोंगाटात स्वतःचा आवाज चढवतात, गोंगाट जेवढा चढेल तेवढाच. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची वर्दळ बरीच घटली. तेव्हा कॅनडाच्या फंडी उपसागरात खालच्या पट्ट्यातला गोंगाट ६ डेसिबलनं उतरला आणि तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही कमी झालेली आढळली. हे तक्त्याच्या मधोमध लिही. उपायांत लिही की जहाजाचा बराचसा आवाज पंख्याभोवती फुटणाऱ्या बुडबुड्यांचा असतो, आणि जहाज हळू चालवलं की तो कमी होतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या बंदराकडे येणाऱ्या जहाजांना २०१७ पासून ठरावीक पट्ट्यात वेग कमी करायला सांगतात. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर ओडिशातलं चिलिका सरोवर. नागपूरहून पुरीला जाणारे पुष्कळ जण तिथल्या सातपाड्याला डॉल्फिन बघायला बोटीत बसतात आणि ‘जवळ घे, अजून जवळ घे’ म्हणतात. इंजिन बंद करून लांब थांबायला सांगितलं तर इरावडी डॉल्फिनला श्वास घ्यायला वर येणं सोपं जाईल.

ताई, शेवटी एक निकडीची गोष्ट. मिरवणुकीनंतर एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, चक्कर आली किंवा कानातला आवाज दोन दिवस थांबलाच नाही, तर ‘उतरेल’ म्हणून वाट बघू नका. अचानक गेलेल्या ऐकण्यावर स्टेरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडतो, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. तसं काही नसेल तर ऑडिओमेट्री पोळ्याच्या आधी, सीझन सुरू व्हायच्या आत करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. दुर्गा विसर्जनानंतर पुन्हा करा. दोन्ही आलेख शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा, मुलालाही तिथेच बसवा.